वजन कमी करताना तोल गेला तर? इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमी तेल, कमी साखर, भाज्या जास्त, थोडं चालणं, हे सगळ्यांनाच पाठ असतं. गाडी अडते ती सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, एका रात्रीनंतर, महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर, ऑफिसात आलेल्या कचोरीच्या पुड्यानंतर. म्हणून इथे आहारतक्ता दिलेला नाही. नेम मोडतो तेव्हाचे प्रश्न घेतले आहेत.

काल रात्री सराफ्यात गेलो आणि सगळं बिघडलं. आज दिवसभर उपाशी राहून भरपाई करू का?

नाही. आजचा नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण, तिन्ही नेहमीसारखीच घ्या.

आधी हिशोब पाहू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. काल नेहमीच्या जेवणावर हजार-बाराशे कॅलरी जादा गेल्या असं धरलं, तर अंगाला लागणारी चरबी दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवत (म्हणजे खर्चापेक्षा तेवढं कमी खात) असाल तर हे अडीच दिवसांचं काम झालं. वाईट वाटण्यासारखं आहे, पण नेम सोडून देण्यासारखं नक्कीच नाही.

खरं नुकसान दुसऱ्या दिवशी होतं. दिवसभर उपाशी राहिलं की संध्याकाळी सहाला हात थेट शेवेच्या बरणीत जातो, रात्री दुप्पट जेवण होतं आणि "आता सोमवारपासून" असं ठरतं. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी याचा एक प्रयोग केला. काही जणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव तपासायच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम समोर ठेवलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. नेहमी मोजूनमापून खाणाऱ्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं. "आता मोडलंच आहे" हा विचार भुकेपेक्षा जोरकस ठरतो. त्यामुळे नियम एकच ठेवा: पुढचं जेवण नेहमीचं. पुढचा सोमवार नाही, उद्याची सकाळही नाही, पुढचं जेवण.

पण आज सकाळी काटा दीड किलो जास्त दाखवतोय!

ते बहुतांशी पाणी आहे, शिवाय पोटात असलेलं अन्न. पिठूळ आणि गोड पदार्थ जास्त झाले की शरीर त्यातली काही साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वर जीरावन (पोह्यांवर भुरभुरतात तो इंदुरी मसाला), चाट मसाला, चटण्या यांतलं मीठ, तेही पाणी धरतं. दीड किलो चरबी एका रात्रीत चढायला साडेअकरा हजार कॅलरी जादा लागतील. तेवढं एका बैठकीत कुणाच्या पोटात मावत नाही. नेहमीचं खाणं सुरू ठेवलं की दोन ते चार दिवसांत काटा जागेवर येतो. पाळीच्या आधीच्या दिवसांतही बऱ्याच जणींचं वजन याच कारणाने एक-दीड किलोने वर जातं. त्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करा.

मग सराफ्यात जाणं बंदच करायचं का? पाहुणे आले की न्यावंच लागतं.

जा, पण उपाशी पोटी जाऊ नका. "तिकडे खायचंच आहे" म्हणून रात्रीचं जेवण टाळणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. सराफ्याची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागेपर्यंत नऊ वाजून जातात, तोवर भूक इतकी वाढलेली असते की पहिल्या दोन गाड्यांवरच सगळं उरकतं. आठ वाजता घरी एक पोळी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ आणि काकडीची कोशिंबीर खाऊन निघा. पोचल्यावर काहीही मागवण्याआधी गल्लीचं एक टोक ते दुसरं टोक चालून या. मग एक तिखट आणि एक गोड निवडा, आणि प्रत्येक प्लेट तिघांत घ्या.

काही पदार्थांच्या नावावर जाऊ नका. भुट्ट्याचा कीस म्हटलं की मका, म्हणजे हलकं, असं वाटतं. पण तो तुपात परतून दुधात शिजवलेला असतो. गराडू हा कंद आहे खरा, मात्र तळलेला. इथली शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे, आटवलेल्या दुधाचं, सुक्या मेव्याचं घट्ट पेय आहे. ते गोडाच्या खात्यात धरा. जलेबा, म्हणजे भली मोठी जिलबी, घ्यायचाच असेल तर एक चौघांत.

पोहे-जिलबी सोडावी लागेल का?

पोहे सोडायची काहीच गरज नाही. जिलबी रोजची न ठेवता आठवड्यातून एखाद्या ठरलेल्या सकाळी ठेवा.

घरच्या पोह्यांचं माप एका माणसाला असं धरा. कोरडे जाड पोहे ५० ग्रॅम, तेल एक सपाट छोटा चमचा म्हणजे ५ मिली, शेंगदाणे १० ग्रॅम, कांदा आणि मूठभर मटार. हे सगळं तीनशे कॅलरींच्या आसपास बसतं. इंदुरी पद्धतीने पोहे वाफेवर ठेवले तर पाच मिलीपेक्षाही कमी तेल पुरतं, आणि ही पद्धत आपल्या परतलेल्या कांदेपोह्यांपेक्षा वजनासाठी चांगली आहे, हे मान्य करायला हवं. बिघडतं ते वरून. शेवेत शंभर ग्रॅमला साधारण साडेपाचशे कॅलरी असतात. गाडीवाला सहज मूठभर, म्हणजे २५-३० ग्रॅम टाकतो, म्हणजे दीडशे वाढल्या. "शेव थोडी, कांदा आणि डाळिंब जास्त" एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. दोन लहान जिलब्या साधारण दोनशे कॅलरी.

पोह्यांची दुसरी अडचण म्हणजे प्रथिनं फार थोडी. म्हणून दहा वाजता नाश्ता करूनही बाराला भूक लागते. सोबत वाटीभर दही, मोड आलेले मूग किंवा खात असाल तर एक उकडलेलं अंडं घ्या.

शेव घरात असली की राहवत नाही. काय करावं?

इंदूरच्या घरात शेव आणायची नाही असं ठरवणं व्यवहारात टिकत नाही, आणि घरातल्या बाकीच्यांवर तो अन्यायही आहे. आणण्याची आणि ठेवण्याची रीत बदला. एक किलोचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून आणू नका, २०० ग्रॅमच आणा. बरणी काचेची नको, अपारदर्शक डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवा. डब्यात छोटा चमचा ठेवा आणि शेव फक्त ताटात, वाटीत किंवा भाजीवर घ्या. डब्यातून थेट तोंडात नाही. दोन छोटे चमचे म्हणजे जेमतेम १० ग्रॅम, पन्नास-पंचावन्न कॅलरी. चव येते आणि हिशोबही राहतो. टीव्हीसमोर डबा घेऊन बसलं की १०० ग्रॅम कधी संपतात ते कळत नाही, आणि ते एका पूर्ण जेवणाएवढं असतं.

एकादशी, चतुर्थी, नवरात्र. उपास करूनही वजन का वाढतं?

"एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एका भरपूर ताटलीचा हिशोब असा: कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम २१० कॅलरी, दाण्याचं कूट ३० ग्रॅम १७०, तूप दोन छोटे चमचे ९०, बटाटा ५० ग्रॅम ४०. झाल्या पाचशे दहा, आणि प्रथिनं जेमतेम आठ ग्रॅम, तीही बहुतेक दाण्यांतून. बाहेर मिळणाऱ्या खिचडीवर फराळी मिक्श्चर आणि चिप्सही पडतात. दुपारी ही ताटली, चारला बटाट्याचे वेफर्स, रात्री शिंगाड्याचा शिरा, असा दिवस एरवीच्या दिवसापेक्षा जड होतो.

उपास सोडू नका, ताट बदला. ४० ग्रॅम भगर (इथे दुकानात मोरधन म्हणून मागा) पाण्यात मोकळी शिजवा. दाण्याची आमटी करायची तर कूट माणशी १५ ग्रॅमच. सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर, तुमच्याकडे चालत असेल तर ५० ग्रॅम पनीर, आणि एक फळ. ताक दिवसभरात दोन-तीन ग्लास. साबुदाणा खायचाच असेल तर ३० ग्रॅम भिजवा आणि बाकीची ताटली दही-काकडीने भरा.

एक सूचना मात्र काटेकोर पाळा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी औषधाचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक किंवा निर्जळी उपास करू नये. रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं ही लक्षणं दिसली तर उपास तिथेच सोडून साखर घ्या.

महालक्ष्म्यांचं जेवण, बारसं, हळदीकुंकू. आग्रह कसा टाळायचा?

"मी डाएटवर आहे" हे वाक्य पंगतीत उच्चारू नका. त्यावर सगळ्यांना मत असतं, आणि पुढची दहा मिनिटं तुमच्या वजनावर चर्चा होते. नकार पदार्थाला देऊ नका, प्रमाणाला द्या. "काकू, पानात टाकायला जीव होत नाही, अर्धीच वाढा" यावर कुणी वाद घालत नाही. दुसरा उपाय म्हणजे दुसऱ्यांदा काहीतरी आपणहून मागा, पण ते कोशिंबीर, पालेभाजी किंवा ताक असू द्या. वाढणाऱ्याला समाधान हवं असतं, आणि ते कोशिंबिरीच्या मागणीनेही मिळतं.

खाण्याचा क्रमही उपयोगी पडतो. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण, मग पुरणपोळी. मध्यम आकाराची एक पुरणपोळी तुपाशिवाय अडीचशे-तीनशे कॅलरींची असते, वर तुपाची धार पडली की प्रत्येक छोट्या चमच्याला चाळीस-पंचेचाळीस वाढतात. म्हणून एक पोळी घ्या, तूप चमच्याने घ्या, आणि त्या दिवशी भात फक्त नैवेद्याच्या मुदीपुरता. पोळी झाल्यावर पान पुढे सरकवून हात धुवायला उठा. रिकाम्या पानासमोर गप्पा मारत बसलं की वाढपी परत येणारच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चार घरी जायचं असेल तर तिळगूळ प्रत्येक ठिकाणी हातात घ्या, एकच तिथे खा, बाकीचे पुडीत बांधून आणा.

लग्नात दाल-बाफले असले तर?

बाफला उकडून, भाजून मग तुपात बुडवतात. ६० ग्रॅम कणकेचा एक बाफला म्हणजे दोनशे कॅलरी, आणि त्यात मुरलेलं १५ ग्रॅम तूप आणखी एकशे पस्तीस. तुपात न बुडवलेला मागितला तर मिळतो, तो डाळीत कुस्करा. एक बाफला, दोन वाट्या डाळ. लाडू घ्यायचा असेल तर अर्धा.

चार वाजता ऑफिसात समोसे-कचोऱ्या येतात. तिथे हमखास घसरतो.

चारची कचोरी टाळायची तयारी दुपारी एकच्या डब्यात होते. तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी असा डबा पोट भरतो, पण टिकत नाही. तीनच्या सुमारास सुस्ती येते आणि चारला काहीही चालतं. डबा बदला: दोन पोळ्या, वाटीभर मटकी-मूग-चवळीची उसळ किंवा घट्ट वरण, एक सुकी हिरवी भाजी, १०० ग्रॅम दही. साडेतीनला, म्हणजे पुडा यायच्या आधी, ३० ग्रॅम भाजलेले चणे खा. ते सव्वाशेच्या आत बसतात, एका मोठ्या समोशाच्या निम्मे. टेबलाच्या खणात त्यांची पाकिटं आधीच मोजून ठेवा.

वाढदिवसाचा केक रोज नसतो, त्यामुळे तो खुशाल खा. पण पस्तीस माणसांच्या ऑफिसात आठवड्याला एक वाढदिवस, एक बढती आणि एक कुणाच्या तरी घरचं शुभकार्य येतंच. तिथे "आठवड्यातून एकदा" असा नेम लावून घ्या. चहाकडेही पाहा. दिवसात चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम, १६० कॅलरी. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलं की चार आठवड्यांत जीभ सरावते.

साखरेऐवजी गूळ किंवा मध चालेल ना?

वजनाच्या दृष्टीने फरक नगण्य आहे. चमच्यागणिक जवळजवळ तेवढ्याच कॅलरी.

आठवड्यातून एक दिवस पूर्ण मोकळा ठेवला तर?

पूर्ण दिवस नको, एक जेवण ठेवा. सहा दिवस रोज ५०० प्रमाणे ३,००० कॅलरींची तूट होते. रविवारी सकाळी छप्पन दुकान ही खाऊगल्ली, दुपारी बाहेरचं जेवण, रात्री आइस्क्रीम असा दिवस गेला तर दोन-अडीच हजार कॅलरी सहज परत येतात. मग महिन्याअखेर "मी तर सगळं पाळतो" आणि काटा तिथेच. एका जेवणाची सूट मात्र जरूर ठेवा. फार आवळलेला आहार टिकत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्या काळात त्यांच्या मनात अन्नाशिवाय दुसरं काही उरलं नाही, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. सतत खाण्याचेच विचार येत असतील तर मनाचा कमकुवतपणा समजू नका. बहुधा तूट फार मोठी ठेवली गेली आहे. ती ३००-५०० वर आणा.

घरात सगळ्यांसाठी एक आणि माझ्यासाठी वेगळं, असं रोज कोण शिजवणार?

कुणीही नाही, आणि वेगळं शिजवायचा बेत आठवडाभरही चालत नाही. स्वयंपाक एकच ठेवा, माप बदला. फोडणीचं तेल बुधल्यातून ओतू नका, चमच्याने घ्या. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. माणशी रोज २० ग्रॅम धरले तर चार माणसांच्या घरात ते अकरा दिवस पुरायला हवं. नवीन पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहा. सहाव्या-सातव्या दिवशीच संपली, तर वजन कुठे अडकलंय हे वेगळं शोधायची गरज नाही.

ज्या स्वयंपाक करतात त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. चव पाहताना घेतलेले चमचे, मुलांच्या ताटात उरलेला अर्धा पराठा, "वाया जाईल" म्हणून संपवलेला भात, हे कुठेही लिहिलं जात नाही आणि दिवसाला दोनशे-तीनशे कॅलरी होऊन बसतं. उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवा. तुमचं पोट म्हणजे घरातलं उरलेलं ठेवायचा डबा नव्हे.

तीन आठवडे वजन जागचं हललं नाही. डाएटचा उपयोग संपला का?

आधी मोजण्याची रीत तपासा. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर, टणक फरशीवर. रोज वजन करून आठवड्याची सरासरी काढा किंवा आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी करा. सोबत बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. पुष्कळदा वजन थांबतं पण कंबर दोन सेंटीमीटर उतरलेली असते. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत आणणं हे भारतीयांसाठी चांगलं लक्ष्य आहे.

सरासरी खरोखरच तीन-चार आठवडे हलली नसेल तर कारणं बहुधा दोन. एक, शरीर हलकं झालं की त्याची गरजही कमी होते. ऐंशी किलोंना तूट देणारं ताट चौऱ्याहत्तर किलोंना तेवढी तूट देत नाही. दोन, मापं हळूहळू सैल होतात. सपाट चमचा शिगोशीग होतो, ३० ग्रॅमची कणकेची गोळी ४० ची होते. सात दिवस पुन्हा स्वयंपाकघरातला छोटा काटा काढून सगळं तोला आणि लिहा, शनिवार-रविवारसह. फरक सापडला नाही तर रोजच्या जेवणातून एक पोळी कमी करा किंवा वीस मिनिटं चालणं वाढवा. दोन्ही एकदम नको.

प्रथिनंही पाहा. वजन उतरताना स्नायू टिकायला वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. शाकाहारी घरात सत्तर किलोच्या माणसाला ते असं जमतं: कोरडी डाळ किंवा कडधान्य ६० ग्रॅम, दही ३०० ग्रॅम, पनीर १०० ग्रॅम, कणीक १२० ग्रॅम, चणे ३० ग्रॅम, दूध एक कप. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

थकवा, केस गळणं, पाळी अनियमित होणं असंही सोबत असेल तर थायरॉइड तपासून घ्या. स्टिरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधं वजन वाढवतात. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

रात्री अकराला फ्रिज उघडला जातो.

आधी झोप मोजा. सात तासांपेक्षा कमी झोपेने भूक वाढते, आणि गोड-तेलकटाचीच वाढते. जेवण साडेसातला आणि झोप बाराला असेल तर मध्ये भूक लागणारच. तेव्हा साडेनऊला कपभर बिनसाखरेचं हळदीचं दूध ठरवून घ्या. मग दात घासून स्वयंपाकघरातला दिवा बंद करा.

रात्री लपून, पोट दुखेपर्यंत खाणं आणि नंतर उलटी काढणं किंवा दिवसभर उपाशी राहून त्याची शिक्षा भोगणं, असं वारंवार होत असेल तर डाएट थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच अठरा वर्षांखालच्या मुलांनी स्वतःच्या मनाने वजन उतरवायला घेऊ नये.

चालायला कुठे आणि कधी जावं? उन्हाळ्यात होतच नाही.

मेघदूत उपवन, नेहरू पार्क, पिपल्यापाला तलावाकाठचं उद्यान, जे घराजवळ असेल ते. मे महिन्यात साडेपाच-सहाला बाहेर पडा किंवा घरातच जिने आणि व्हरांड्यात फेऱ्या मारा. आठवड्याला १५० मिनिटं पुरतात. अर्ध्या तासाच्या भरभर चालण्यात सत्तर किलोच्या माणसाचे १३०-१५० कॅलरी खर्च होतात. परतताना कोपऱ्यावर कचोरी खाल्ली तर चालणं त्यातच जातं.

दिवाळीचा फराळ चार घरून येतो. टाकवत नाही आणि पुरवतही नाही.

मुळात स्वतःच्या घरी कमी करा. दोन किलो भाजणीऐवजी अर्धा किलो, आणि पंधरा दिवस आधी नव्हे, धनत्रयोदशीच्या आगेमागे. लाडू ४० ग्रॅमचे वळण्याऐवजी २० ग्रॅमचे वळा. बेसनाचा मोठा लाडू दोनशे कॅलरींचा होतो, लहान शंभराचा, आणि समाधान दोन्हींत तेवढंच मिळतं. बाहेरून आलेले डबे त्याच संध्याकाळी रिकामे करून परत पाठवा, पण ते आपल्या फराळाने भरा. म्हणजे घरातला साठा वाढत नाही. तळणीचं सगळं एकाच मोठ्या डब्यात घालून वर ठेवा आणि रोज चारच्या चहाबरोबर एकच बशी काढा: एक चकली आणि एक गोड, किंवा मूठभर चिवडा. चिवडा पातळ पोह्यांचा, भाजून केलेला असू द्या. तुळशीच्या लग्नापर्यंत जे उरेल ते घरकाम करणाऱ्या ताईंना, वॉचमनना, शेजारच्या होस्टेलमधल्या मुलांना द्या, आणि ते मऊ पडायच्या आधी द्या.